वाटणीतली फटफटी

हंबीरराव फौजेतून पेन्शनवर आला तेव्हा त्याच्याजवळ एक काळी ट्रंक होती, एक घोंगडी होती आणि एक ठाम मत होतं. माणसानं बनवलेलं यंत्र माणसाला खोलता आलंच पाहिजे, हे ते मत. फौजेत त्यानं उभी हयात ट्रक चालवला होता. खरं म्हणजे ट्रक बिघडला की मेकॅनिक यायचा आणि हंबीरराव त्याच्या हातात पाने द्यायचा. पण शिराळ्याच्या बाजूच्या त्या लहानशा गावात हे कोण सांगायला बसलंय!

पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्यानं आणि त्याच्या धाकट्या भावानं, कृष्णातनं, मिळून एक जुनी फटफटी घेतली. इस्लामपूरला एका म्हाताऱ्या ओव्हरसियरच्या गोठ्यात ती कितीतरी वर्षं उभी होती. सीटवर कोंबडी अंडी घालत होती आणि टाकीत मुंग्यांनी संसार थाटला होता. बैलगाडीत घालून दोघांनी ती घरी आणली, तेव्हा गावातलं कुणीतरी म्हणालं की मयत चांगलं सजवलंय. हंबीररावानं मनावर घेतलं नाही. इंजिन खोलायचं, धुवायचं, परत जोडायचं, आणि दसऱ्याला दोघा भावांनी फटफटीवरून सोनं वाटत फिरायचं, असा बेत त्यानं जाहीर करून टाकला.

इंजिन सोप्यात खोललं. पिस्टन परातीत, व्हॉल्व्ह पोळपाटावर, चेन लोणच्याच्या बरणीच्या झाकणात. हंबीररावाची बायको विजयमाला आणि कृष्णातची बनुबाई, दोघींना आठवडाभर भाकरी थापायला परात मिळाली नाही. तरी सगळं हसतखेळत चाललं होतं. मग पिस्टनच्या पिनेची एक क्लिप हरवली. बारकीशी, तारेची, नखाएवढी.

कृष्णात म्हणाला, तुझ्या हातात होती. हंबीरराव म्हणाला, तुझ्या हातात होती. सगळा सोपा चाळून झाला, शेणकूट उचकून झालं. क्लिप काही सापडली नाही, पण तिच्या पाठोपाठ भलतंच वर आलं. तू फौजेत मजा मारलीस आणि मी इथं बैलाच्या शेपट्या पिरगाळल्या, असं धाकटा बोलून गेला. मी पैसे धाडले म्हणून बैल तरी होते, असं थोरला बोलून गेला. एकदा असं बोलणं झालं की क्लिप सापडूनही काय उपयोग?

वाटणी झाली. नाथाजी आणि आणखी दोन जाणती माणसं पंच म्हणून बसली. रान वाटलं, भांडी वाटली, सोप्याच्या मधोमध कच्च्या विटांची भिंत घातली. फटफटीपाशी येऊन पंच अडले. विकायला दोघंही तयार नव्हते आणि एकमेकाला द्यायला तर मुळीच नव्हते. शेवटी नाथाजीनं घाम पुसत निवाडा दिला. इंजिन थोरल्याला, चाकं आणि सांगाडा धाकट्याला. दोघांनीही तो मान्य केला. गाव आठवडाभर हसत होतं.

कृष्णातनं सांगाडा परड्यात उभा केला. बनुबाईनं त्यावर दोडक्याचा वेल सोडला. सायलेन्सर त्यानं रानात नेऊन उसाच्या पाटाला नळी म्हणून बसवला. इकडं हंबीररावानं हट्टच घेतला. गाडी नसली म्हणून काय झालं, इंजिन चालू करून दाखवणार! क्लिप सांगलीहून आणली. इंजिन धुवायला रॉकेल मिळेना तेव्हा विजयमालेच्या स्टोव्हमधलं काढून घेतलं, आणि तिनं मग मुकाट्यानं चूल पेटवली. बाभळीच्या ओंडक्यावर इंजिन बोल्ट लावून आवळलं, आढ्याला तेलाचा डबा टांगून त्यात पेट्रोल घातलं, डब्यातून रबरी नळी खाली सोडली. ॲक्सिलेटरची मूठ भावाच्या वाटणीला गेलेली, म्हणून त्या जागी सुतळी बांधली.

मग रोज सकाळी किक मारणं सुरू झालं. इंजिन फुस्स करायचं, आणि भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज यायचा.

पहिल्या दिवशी हंबीररावानं दुर्लक्ष केलं. पण पुढं रोजच तसं होऊ लागलं. इकडं किक, तिकडं खोकला.

“ऐकलंस न्हवं?” तो विजयमालेला म्हणायचा. “खोकून दावतुया मला. हसायला येत न्हाई म्हनून खोकतुया.”

विजयमालेनं एकदा म्हणून पाहिलं की हा खोकला काही साधा वाटत नाही, बनुबाईला विचारते. त्यानं तिला शपथ घातली. भिंतीपलीकडं एक शब्द गेला तर बघ. आणि तिकडून खोकला आला की इकडून तो मुद्दाम घसा खाकरू लागला, दुप्पट मोठ्यानं. पावसाळा गेला, दसराही गेला. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन भाऊ खोकत राहिले.

सुगीच्या दिवसांत एका सकाळी इंजिन चालू झालं.

असं चालू झालं की आढ्यावरची चिमण्यांची घरटी खाली आली. हंबीररावानं आनंदानं सुतळी ओढली, आणि सुतळी कार्बोरेटरच्या तोंडात अडकून बसली. इंजिन बेफाम झालं. बाभळीचा ओंडका थरथरला, मग हलला, मग माजलेल्या रेड्यासारखा सोप्यातून चालायला लागला. विजयमाला देवघरात पळाली. हंबीरराव फौजी हुकूम सोडत ओंडक्याला मिठी मारून बसला, तर ओंडका त्याच्यासकट निघाला. निघाला तो थेट भिंतीकडं. कच्च्या विटा त्या, किती टिकणार! भगदाड पडलं, नळी निसटली, आणि इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. अर्धं थोरल्याच्या घरात, अर्धं धाकट्याच्या.

धूळ बसल्यावर हंबीररावाला समोर बाज दिसली. बाजेवर कृष्णात होता. ओळखायला वेळ लागला. गालांची हाडं वर आलेली, गळ्यातला ताईत छातीच्या खळग्यात पडलेला. उशाशी राखेनं भरलेलं मडकं होतं, थुंकायला.

कृष्णातनं आधी इंजिनाकडं बघितलं.

“चालू झालं म्हनायचं,” तो म्हणाला.

“तुला काय झालंय रं?”

“काय न्हाई. जरा खोकला हाय.”

हंबीरराव तसाच गुडघ्यावर बसून राहिला. बनुबाईनं भिंतीकडं तोंड करून पदर डोळ्यांना लावला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. क्षय होता. गावाला कळलं तर कुणी घरचं पाणी पिणार नाही म्हणून लपवलं होतं, आणि थोरल्याला तर मरेपर्यंत सांगायचं नाही असं कृष्णातनं बायकोला बजावलं होतं. वैद्याचा काढा चालू होता. तेवढंच.

मिरजेला न्यायचं ठरलं. उद्याच्या यष्टीनं जाऊ, असं दोघी बायका म्हणाल्या. हंबीरराव म्हणाला, यष्टी कशाला, आपली गाडी हाय की. त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं असं विजयमाला पुढं सांगायची. पण ते ऐकताच कृष्णातच्या तोंडावर जी कळा आली ती बघून तिनंही अडवलं नाही.

सगळा दिवस दोघं भाऊ परड्यात होते. हंबीररावानं दोडक्याचा वेल हलक्या हातानं सोडवला आणि बाजेवरचा भाऊ सांगेल तसं इंजिन सांगाड्यात बसवलं. मध्येच कृष्णात हसायचा आणि हसण्यातून खोकला यायचा. आता हंबीरराव प्रत्येक खोकल्याला पाना खाली ठेवायचा आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा. सायलेन्सर आणायला रानात कोण जाणार? तसाच राहू दे, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. कृष्णात मागं बसला. तो पडू नये म्हणून हंबीररावानं आपल्या पटक्यानं त्याला आपल्या कमरेशी बांधून घेतलं. आवाज असा की गावातली कुत्री शेपूट घालून उसात शिरली आणि पोरं फाट्यापर्यंत मागं धावली. नाथाजीनं हात जोडले. फटफटीला की देवाला, ते कळलं नाही.

वाटेनं कृष्णात भावाच्या खांद्यावर हनुवटी टेकून कानाशी काहीतरी बोलत होता. एखादं वाक्य नव्हे, बरंच. फाटलेल्या नगाऱ्यासारखं इंजिन खाली वाजत होतं. हंबीररावाला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पण गाडी थांबवली तर परत चालू होईल याचा भरवसा नव्हता, म्हणून तो मान हलवून मोठ्यानं “व्हय, व्हय” म्हणत राहिला. मग कृष्णातनं त्याच्या पाठीवर डोकं ठेवलं.

शिराळ्याच्या पुढं ओढा उतरून चढाला लागले आणि इंजिन जाम झालं. काही केल्या फिरेना. थोड्याच वेळात मागून यष्टी आली. खिडकीत विजयमाला आणि बनुबाई बसल्या होत्या. आपल्या माणसांवर विश्वास असला तरी त्या दोघींनी गुपचूप तिकीट काढलं होतं. भावाला पाठीवर घेऊन हंबीरराव यष्टीत चढला. फटफटी लिंबाखाली राहिली.

मिरजेच्या डॉक्टरांनी कुणाला दोष दिला नाही. फार उशीर झालाय, एवढंच म्हणाले. कृष्णात थोडे दिवस राहिला. एकदा हंबीरराव त्याला मोसंबं सोलून देत होता तेव्हा त्यानं हळूच विचारलं, “दादा, गाडीवर बोललो ते ध्यानात हाय न्हवं?”

खरं सांगायची ती वेळ होती. पण त्याचा चेहरा इतका निवांत दिसत होता की हंबीररावाच्या तोंडून पुन्हा तेच निघालं. “व्हय.” बरा झाला की विचारू, असं त्यानं मनाशी ठरवलं.

कृष्णात बरा झाला नाही.

दिवसकार्य उरकल्यावर भेटायला येणारी माणसं कमी झाली. एका दुपारी बनुबाई त्या भगदाडातून वाकून इकडच्या घरात आली आणि खांबाशी बसली. तिला मूल नव्हतं. माहेरी, पाटणकडं, एक भाऊ तेवढा होता.

“भावजी,” ती म्हणाली, “दवाखान्यात हे मला म्हनलं, दादाला समदं सांगितलंय, दादा व्हय म्हनलाय, आता घोर न्हाई. काय सांगितलं ते मी इचारलं न्हाई. तुमी कशाला व्हय म्हनला हुता?”

विजयमाला चुलीपाशी होती. काहीतरी बरं बोला, असं तिनं नवऱ्याला नजरेनं सांगितलं. हंबीररावानं फौजेच्या थापा जन्मभर मारल्या होत्या. त्या घटकेला त्याला एक थाप सुचेना.

“बनू,” तो म्हणाला, “आवाज लय हुता गं. मला काय बी ऐकू आलं न्हाई.”

बनुबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली, आणि त्यालाही ते थांबवता आलं नाही.

आपण कशाला हो म्हणालो हे ठाऊक नसल्यामुळं हंबीररावानं सगळंच करायला घेतलं. भिंत होती तेवढी पाडली. भावाचं रान आपल्या आधी पेरलं. बनुबाईला पंचमीला माहेरी पोचवलं आणि न सांगता परत आणायलाही गेला. कृष्णातच्या म्हाताऱ्या बैलाला बाजार दाखवला नाही. नाथाजीशी वाटणीच्या निवाड्यापासून अबोला होता, तोही सोडला. शेवटी तंबाखूसुद्धा सोडली. कृष्णातनं हेबी सांगितलं असंलच असं न्हाई, तो लोकांना म्हणायचा, पर न जानो.