शतकोत्तर रौप्यमहोत्सवी मौनाचा अहवाल

संस्था जितकी जुनी, तितका तिच्या वर्धापनदिनाचा बॅनर लांब असावा लागतो, हे सर्वमान्य आहे. आमच्या वडखाडी फ्रेंड्स हायस्कूलला यंदा सव्वाशे वर्षे झाल्याने बॅनर वीस फुटी करण्यात आला. दोह्यातल्या सूक वाकिफ या जुन्या बाजाराजवळच्या ज्या हॉटेलचा हॉल घेतला होता, त्याची भिंत सोळा फुटी निघाली. त्यामुळे शाळेचे नाव कोपऱ्यातून वळून शेजारच्या भिंतीवर गेले आणि समोरून फक्त 'माजी विद्यार्थी संघ, दोहा' एवढेच दिसत राहिले. यात वस्तुस्थितीला धरून नव्हते असे काही नव्हते.

शाळेविषयी थोडे. ती क्वेकर लोकांनी काढली. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला एक साधा पंथ. त्यांच्या प्रार्थनेत बहुधा पाद्री नसतो, गाणे नसते. सगळे गप्प बसतात. एखाद्याला आतून फारच वाटले, तर तो उठून दोन वाक्ये बोलतो आणि बसतो. त्याला कोणी उत्तर द्यायचे नसते, टाळ्या वाजवायच्या नसतात. कोकणातल्या खाडीकाठी असे लोक किती टिकणार, असे त्या वेळी बोलले गेले. पण ते टिकले, आणि दर शुक्रवारी सकाळी अर्धा तास मौन हा शाळेचा नियमही टिकला. आम्ही हिंदू, मुसलमान, जे कोणी होतो ते, सगळे लाकडी बाकांवर गप्प बसत असू.

त्यांच्या सभेचीही एक रीत आहे. तिथे मतदान नसते. सगळ्यांना पटेपर्यंत थांबायचे. ही रीत आपणही पाळावी, असे आमच्या महोत्सव समितीने पहिल्याच सभेत बहुमताने ठरवले.

समितीत अध्यक्ष आबासाहेब, लुसैलमधल्या एका मालवाहतूक कंपनीत मॅनेजर; कनीजताई, एका दवाखान्याच्या स्वागतकक्षात; इलियासभाई, कंपनीची बस चालवतात (म्हणून वेळापत्रकाची जबाबदारी त्यांच्याकडे); रामेश्वर, इलेक्ट्रिशियन; आणि सचिव म्हणून प्रस्तुत लेखक. अकरा सभा झाल्या. पहिल्या सभेतला कार्यक्रम असा होता: मौन, मग चहा. अकराव्या सभेपर्यंत त्यात पुढील भर पडली: दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रमुख पाहुण्यांचा परिचय, त्यांचे भाषण, गुणवंत पाल्यांचा सत्कार, गुणवंत नसलेल्या पाल्यांचा उत्तेजनार्थ सत्कार, तीन नृत्ये, बिर्याणी. मौनाला कात्री लावून ते दोन मिनिटांवर आणले आणि लोक कंटाळू नयेत म्हणून त्याला बासरीचे पार्श्वसंगीत देण्यात आले.

रामेश्वर दहा सभा काही बोलला नव्हता. अकराव्या सभेत तो म्हणाला, "म... मला हे पटत नाही."

त्याला लहानपणापासून बोलताना अडखळायला होते. त्याला मध्येच वाक्य पुरे करून देण्याची आमची सवय आहे आणि ती आम्ही मदत समजतो. आबासाहेबांनी ताबडतोब विचारले की पटत नाही म्हणजे बासरी पटत नाही का, तबला घेऊ या का. रामेश्वरने मान हलवली. मग बराच वेळ घेऊन त्याने सांगितले की अर्धा तास म्हणजे अर्धा तास हवा. शाळेत आठवड्याभरात तेवढाच एक अर्धा तास असा असायचा, ज्यात तो इतर मुलांसारखा असायचा.

यावर आबासाहेबांनी तबल्याचा मुद्दा मागे घेतला. मी लिहीत राहिलो. चौथीत त्याची नक्कल करून दाखवण्यात माझा पहिला नंबर असे, हे इतिवृत्तात नोंदवण्याचे कारण नव्हते.

एकाला पटत नाही म्हणजे ठराव होत नाही. शेवटी सचिव या नात्याने मी तोडगा काढला. कार्यक्रमपत्रिकेत छापले: 'मौन: अर्धा तास (वेळ उपलब्ध झाल्यास)'. रामेश्वरने ते दोनदा वाचले आणि मान्य केले. छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवणारी माणसे आता कमी राहिली आहेत.

कार्यक्रम शुक्रवारी सकाळी साडेआठला होता. जुम्म्याच्या नमाजाआधी सगळे आटोपायचे होते. हजेरी एकशे बारा, त्यात मुले चाळीस. मुलांना मराठी समजते, पण ती उत्तर इंग्रजीत देतात. त्यामुळे स्वागतगीत त्यांनी इंग्रजी अक्षरांत लिहून घेऊन गायले. प्रमुख पाहुणे एक मोठे उद्योजक. ते आमच्या शाळेत पाचवीत तीन महिने होते (नंतर वडिलांची बदली झाली), आणि त्या तीन महिन्यांनी त्यांचे आयुष्य घडवले, असे परिचयात लिहिले होते. दहाच्या सुमारास त्यांचा फोन आला की पार्किंग मिळत नाही, पंधरा-वीस मिनिटे लागतील, इन्शाल्ला. तोवर नृत्ये संपली होती, सत्कारही संपले होते. बिर्याणी आली नव्हती. निवेदकाकडचे विनोद दुसऱ्यांदा सांगून झाले. इलियासभाईंनी घड्याळ पाहून मला कळवले की वेळ उपलब्ध झाला आहे.

अशा रीतीने मौन सुरू झाले.

पहिली पाच मिनिटे खुर्च्या वाजल्या. सात मोबाइल वाजले. एका मुलीने आईला इंग्रजीत विचारले की वायफाय गेले आहे का. मग हळूहळू एसीचा आवाज ऐकू येऊ लागला. तो सकाळपासून चालू होता, हे तेव्हा लक्षात आले. रामेश्वर मागच्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसला होता आणि त्याचा चेहरा पाहून तो नक्की कितवीत आहे हे सांगता आले नसते.

दहाव्या मिनिटाला कनीजताई उठल्या. म्हणाल्या, "मी या वेळात छपराची कौलं मोजायची. एकदाही हिशोब जुळला नाही." बसल्या. कोणी हसले नाही.

विसाव्या मिनिटाला आबासाहेब उठले. आम्हाला वाटले, आभारप्रदर्शन.

ते म्हणाले, "आमचं ऑफिस तीन महिन्यांपूर्वी बंद झालं. मी रोज टाय लावून लुसैलला जातो आणि ट्राममध्ये बसतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत." मग म्हणाले, "ट्राम चांगली आहे." आणि बसले.

शेजारी केसरबाई बसल्या होत्या. त्या आबासाहेबांच्या पत्नी, आणि त्यांनाही हे आमच्याबरोबरच कळले. त्या हलल्या नाहीत. फक्त मांडीवरची पर्स उचलून त्यांनी दुसऱ्या बाजूला ठेवली, आणि दोघांच्या मध्ये काही राहिले नाही.

उत्तर द्यायचे नाही, हा नियम एकशे बारा जणांनी पाळला. तितक्यात दार उघडून प्रमुख पाहुणे आले. सगळे उभे राहिले, टाळ्या झाल्या, आणि पुष्पगुच्छ देण्याचे काम अध्यक्षांकडे असल्याने तो आबासाहेबांनीच दिला. त्यांचा टाय नीट होता.

मौनानंतर उत्तर द्यायला मनाई नाही. पण नियम चांगला वाटल्याने आम्ही तो पुढेही चालू ठेवला. संघाच्या व्हॉट्सअॅप गटावर त्या दिवशी एकशे त्रेचाळीस संदेश आले: छायाचित्रे अठ्ठ्याऐंशी, 'सुंदर आयोजन' एकतीस, बिर्याणीतल्या मिठाबाबत एकोणीस, हरवलेल्या बुटाबाबत पाच. आबासाहेबांबाबत एकही नाही. मी स्वतः 'आबासाहेब,' असे टाइप केले होते. पुढे सुचले नाही म्हणून ते पुसून 'सुंदर आयोजन' पाठवले. (तो वरच्या एकतिसांत धरला आहे.)

रामेश्वर शनिवारी सकाळी मदिनत खलीफात आबासाहेबांच्या घरी गेला. फोन करून गेला नाही. फोनवर बोलणे त्याला जास्त जड जाते. पुढचे केसरबाईंनी कनीजताईंना सांगितले, त्यांनी मला. तो आला, सोफ्यावर बसला आणि तासभर काही बोलला नाही. आबासाहेबही नाहीत. केसरबाईंनी दोनदा चहा केला. आदल्या रात्री त्यांनी नवऱ्याला एकच गोष्ट विचारली होती, की डबा कुठे बसून खात होतात. त्याचे उत्तर त्यांना अजून मिळाले नव्हते. ते आबासाहेबांनी त्या तासानंतर दिले, रामेश्वरच्या देखत: कॉर्निशवर, त्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, पाण्याकडे तोंड करून. मग ते रडले. रामेश्वर चहा पीत राहिला.

जाताना तो म्हणाला, "आमच्याकडे स्टोअरला म... माणूस पाहिजे. मॅनेजर नाही. स्टोअरकीपर." या खेपेला त्याचे वाक्य कोणी पुरे करून दिले नाही.

नोकरीबदलाच्या कागदपत्रांना पाच आठवडे लागले. आता आबासाहेब इंडस्ट्रियल एरियात केबल आणि स्विचबोर्ड मोजून देतात. टाय लावत नाहीत. डबा ते आणि रामेश्वर एकत्र खातात.

हा अहवाल संमतीसाठी संघाच्या इतर सभासदांत फिरवला, तेव्हा प्रत्येकाने मला बाजूला घेऊन सांगितले की शनिवारी तोही जाणारच होता. फक्त कोणाकडे पाहुणे आले, कोणाची गाडी सर्व्हिसिंगला होती, कोणाला वाटले की अशा वेळी माणसाला एकटे सोडावे. सगळ्यांना रामेश्वर फार आवडला. आपल्यातही तो थोडासा आहे, असे प्रत्येकाचे म्हणणे पडले.

वाचताना आपल्यालाही तसेच वाटले असेल, तर कळवण्यास आनंद होतो की संघाचे सभासदत्व माजी विद्यार्थ्यांपुरते मर्यादित नाही. आपली पात्रता पूर्ण आहे.