डोईफोडे सरांचा साचा

डोईफोडे सरांना आनंदाची बातमी सांगायची सोय नाही. माझ्या मुलीला गणितात पैकीच्या पैकी पडले म्हणून पेढे घेऊन गेलो. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "पुन्हा पडतील का?" त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरात त्यांचं नाव काढायला बंदी होती.

सर अंबडला आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. एकदाच आलेल्या निकालाला ते निकाल मानत नाहीत. संशोधन करणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कॉम्प्युटरवर एक साचा बनवलाय. एका कप्प्यात शेतातून आणलेल्या कच्च्या नोंदी, दुसऱ्यात आकडेमोडीचा प्रोग्राम, तिसऱ्यात तयार आलेख. नवं काम काढलं की साचा कॉपी करायचा, आपल्या नोंदी भरायच्या, बटण दाबायचं. कच्च्या नोंदीतला आकडा कुणी बदलला, तर त्याची खैर नाही.

"आलेख काय, भाजी हाय! करपली तर दुसरी टाकता येती. पन बियाणंच भाजून खाल्लं तर मंग पेरता काय?"

आम्ही बाकीचे प्राध्यापक हसायचो. आमच्या फायलींची नावं 'फायनल', 'खरं फायनल', 'हेच फायनल'. सर न विचारता प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर साचा टाकून जायचे.

मनीषा त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. बीजप्रक्रिया केलेलं सोयाबीन जास्त उगवतं का, हा तिचा विषय. साचा तयार व्हायच्या आधीच तिनं आकडेमोड उरकली, लग्न होऊन शहागडला गेली. आता परीक्षकांनी विचारलं, हा आलेख काढला कसा? तिला स्वतःलाच आठवेना. पुन्हा काढायला गेली तर दर वेळी वेगळाच यायचा. तिनं रडत फोन केला, "सर, सोडून देते मी."

"उद्या येऊन राह्यलो," सर म्हणाले आणि सोबत मलाही एसटीत बसवलं.

हायवेलगतचं घर. ट्रक गेला की खिडकी थरथरायची. सरांनी तिच्या लॅपटॉपवर साचा टाकला. जुन्या ईमेलमध्ये मूळ नोंदी सापडल्या. दुपारभर दोघं एकेक पायरी लिहीत बसले. शेवटी बटण दाबलं. प्रक्रिया केलेलं बियाणं जास्त उगवलेलं दिसलं, पण फरक आधीच्या आलेखापेक्षा बराच कमी. मनीषाचा चेहरा उतरला.

सरांनी तो आलेख पुसूनच टाकला. ती ओरडली, "सर!"

"दाब आता तू."

तिनं दाबलं. बरोबर तोच आलेख आला.

"कमी हाय, पन खरा हाय. आता कुनीबी विचारू दे, बिलकुल भ्यायचं न्हाई."

मनीषा डोळे पुसत हसली. दारात उभ्या सासूबाईंनी विचारलं, "मंग होईल ना हिचं पुरं?"

"होनारच."

"मंग जेवल्याबिगर जायचं न्हाई."

शेवटच्या गाडीची आठवण करून द्यायला मी तोंड उघडलं, तोवर सर हात धुऊन आले होते. "बसू की," ते हळूच म्हणाले. "घरी कोन वाट बघून राह्यलंय?"

बायको वारल्यापासून सर एकटेच राहतात, हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या तोंडून मात्र मी ते पहिल्यांदाच ऐकलं. सासूबाईंनी गरम भाकरी मोडून सरांच्या ताटात ठेवली, वर पिठलं वाढलं. सर मान खाली घालून जेवत राहिले. बाहेर अंबडची एसटी हॉर्न देत निघून गेली. मी उठलो नाही.