आप्पांना खोटा कावळा चालत नाही

आमच्या केंदुरात दशक्रियेला श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली, की लोक बोलणाऱ्याकडे न बघता सोपानआप्पांकडे बघतात. माईक माझ्या हातात असतो. मी निवृत्त मास्तर. गावात कोणीही गेलं तरी दहाव्या दिवशी ते माणूस किती मनमिळाऊ होतं हे सांगायचं काम माझ्याकडे. एकदा मी एकाला 'अजातशत्रू' म्हणालो आणि आप्पा उठले.

"गुरुजी, बांधावरनं तीन सख्ख्या भावांशी कोर्टात भांडत व्हता त्यो. खरं बोला, न्हाईतर गप बसा!"

एका पुढाऱ्यानं "मला भावासारखे होते हो" म्हणून गळा काढला. आप्पांनी बसल्या जागेवरून विचारलं, "भाऊ चार म्हैनं अंथरुनाला खिळला व्हता. तवा कवा आलावता तुम्ही?" पुढारी तिथूनच गाडीत जाऊन बसले.

चौकात कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागला आणि शुभेच्छुकांच्या गर्दीत आप्पांचाही फोटो. आप्पा शिडी लावून चढले आणि ब्लेडनं आपलं तोंड तेवढं कापून खिशात घालून आले. चार दिवस त्या भोकातून पलीकडचं सलून दिसत होतं.

मला या माणसाचा राग यायचा, अजूनही येतो. मी एकदा सुनावलंही, "आप्पा, थोडं गोड बोललं की नाती टिकतात."

"गोड बोलून टिकतं ते नातं न्हाई, गुरुजी. ती सोयरीक जमवायची बैठक झाली."

त्यांना त्यांच्याच भाषेत उत्तर देणारं एकच माणूस होतं, त्यांची बायको, हौसाकाकू. "तुमच्या जिभंला हाड न्हाई," असं काकू चारचौघांत म्हणायच्या. आप्पा तेच गावभर अभिमानानं सांगायचे, "बेचाळीस वर्सं झाली, पन बाईनं एकदा बी माझी खोटी तारीफ केली न्हाई!"

गेल्या उन्हाळ्यात काकू गेल्या. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. समोरच्या बाभळीवर पाच-सहा कावळे होते, पण एकही खाली उतरेना. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर घरच्यांनी ती पुरी करायचा शब्द द्यावा, मग कावळा शिवतो, असं आमच्याकडे मानतात. मुलगा दत्ता हात जोडून म्हणाला, "आई, आप्पांना मी सांभाळीन." कावळे जागचे हलले नाहीत. मग सगळ्यांनी आप्पांना घेरलं.

"म्हना की आप्पा, इथनं पुढं लोकांशी गोड बोलीन."

"बोलनार न्हाई मी. मग कशाला म्हनू? तिला कळतंय."

ऊन तापलं. भटजींनी दर्भ हातात घेतले. खरा कावळा आला नाही की दर्भाचा करून पिंडाला लावतात. आप्पांनी त्यांचा हात धरला. "तिला आजवर खोटं काय दिलं न्हाई. खोटा कावळा बी न्हाई द्यायचा."

"आवो, आई अडकली हाय तितं!" दत्ताला रडूच फुटलं.

ते ऐकून मात्र आप्पांचा चेहरा पडला. ते पिंडासमोर उकिडवे बसले. मी अगदी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

"हौसा, मी हाय तसाच ऱ्हानार. पन तू म्हायेरला गेलीस ना, की मी मळ्यात झोपायचो. घर खायला उठायचं. भांडत व्हतो तवा बी तू मला लई आवडायचीस. आता करमत न्हाई गं."

मी मान फिरवली. मला ते ऐकायचा हक्क नव्हता असं वाटलं. तेवढ्यात मागून गलका झाला, "शिवला, शिवला!" लोक सुटलो म्हणून उठले, चपला शोधू लागले.

आप्पा तिथंच. उपरण्यानं डोळे पुसले आणि रिकाम्या पत्रावळीकडे बघत घाटावर सगळ्यांना ऐकू जाईल असे कडाडले,

"एवढंच ऐकायचं व्हतं व्हय? मग जित्तेपनी इचारायचं व्हतंस की!"