कोऱ्या बाटलीतलं शिसं

"एक वेळ सूर्य पश्चिमेला उगवेल, पण माझी कोरी बाटली शून्याच्या वर जाणार नाही!"

हे वाक्य प्रयोगशाळेतल्या टेबल-खुर्च्यांनाही पाठ झालं होतं. म्हणूनच ते म्हणणाऱ्या साहेबांना सगळे शून्यसाहेब म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे, आणि साहेब ते दाराआडून ऐकून खूश व्हायचे. त्यांचं काम दर्जा सांभाळायचं. म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायची, आणि सापडली नाही तर आणखी बारकाईनं शोधायची!

आता ही कोरी बाटली काय भानगड आहे, ते आधी सांगायला हवं. कारखान्यांमागून एक नाला वाहायचा. त्याचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं आणि त्यात शिसं किती ते मोजायचं, हा या मंडळींचा उद्योग. त्या बाटल्यांबरोबर एक बाटली अगदी शुद्ध पाण्याची न्यायची, नाल्याकाठी उघडायची, तिथेच दुसऱ्या रिकाम्या बाटलीत ओतायची, बूच लावायचं आणि बाकीच्यांसारखीच तपासायची. तिच्यात काही म्हणजे काही सापडता कामा नये. सापडलंच, तर ती घाण नाल्याची नाही, आपल्या हातांची! मग त्या दिवसाचे सगळे निकाल कचऱ्यात.

आणि नेमक्या पुढच्या आठवड्यात परीक्षक बाई येणार होत्या. त्यांनी मान डोलावली तर प्रयोगशाळेचं मानांकन टिकणार, नाहीतर दाराला कुलूप आणि शून्यसाहेबांसकट सगळे घरी.

"येऊ द्या!" साहेब केसांवरून हात फिरवत म्हणाले. "मी स्वतः जातो नाल्यावर."

केस हा साहेबांचा दुसरा अभिमान. निवृत्तीला आलेला माणूस, पण डोकं काळंभोर! "काटेकोर माणसाचे केस पिकत नाहीत," असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचे.

साहेब नाल्यावर गेले. स्वच्छ हातमोजे चढवले, केसांवरून हात फिरवला, दीर्घ श्वास घेतला आणि बाटली भरली. संध्याकाळी त्यांची बायको निकाल घेऊन आली. ती प्रयोगशाळेतच शिसं मोजायच्या यंत्रावर बसायची. घरी ती त्यांना 'अहो' म्हणायची आणि ऑफिसात 'साहेब'. दोन्हींत धाक सारखाच, पण तो नेमका कोणाचा कोणाला, हे विचारू नका.

"साहेब, नाल्यात शिसं आहे."

"असणारच!"

"त्याच्यापेक्षा जास्त तुमच्या कोऱ्या बाटलीत आहे."

साहेब मटकन खाली बसले. सुदैवानं खुर्ची जागेवर होती.

"गाडी!" ते तिथूनच ओरडले. "त्या गाडीतच काहीतरी आहे! बोलवा ड्रायव्हरला!"

ड्रायव्हरनं गाडी धुतली. साहेबांनी नाक लावून वास घेतला आणि पुन्हा धुवायला लावली. इतकी धुतली, इतकी धुतली, की हॉर्नमध्ये पाणी शिरलं आणि तो गुळण्या केल्यासारखा वाजू लागला. साहेबांनी पुन्हा कोरी बाटली भरली. शिसं वाढलं!

मग बाटल्या बदलल्या. बुचं बदलली. भिंतीचा रंग खरवडून काढला. डबे प्रयोगशाळेत खायचे नाहीत, असा हुकूम निघाला आणि सगळे जिन्यात बसून जेवू लागले. पण शिसं काही हटेना. साहेबांचा आता कोणावर म्हणून विश्वास उरला नाही. बाटली विसळायची त्यांनी, पाणी ओतायचं त्यांनी, चिठ्ठी चिकटवायची त्यांनी. आणि ते जितके जास्त सांभाळायचे, तितकं शिसं जास्त निघायचं!

काळजीनं साहेबांना ताप भरला. एक दिवस ते घरी झोपून राहिले, तेव्हा ड्रायव्हरनंच बाटली भरून आणली.

"अहो, शून्य आलं!" बायको घरात पाऊल ठेवता ठेवता म्हणाली.

साहेब ताडकन उठून बसले. "शून्य? ड्रायव्हरच्या हातून? हे भलतंच संशयास्पद आहे!"

"अहो, शून्यच हवं होतं ना तुम्हाला?"

"माझ्या हातचं हवं होतं! त्यानं बाटली उघडलीच नसणार."

बायकोनं कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसातल्या प्रत्येकाला एकाच खोलीत उभं केलं आणि एकेक कोरी बाटली भरायला लावली. ड्रायव्हर, शून्य. कारकून, शून्य. पहारेकरी तर सायकलची साखळी बसवून तसाच आला होता, हातमोजे कसे घालायचे हेही त्याला सांगावं लागलं. तोही शून्य! शेवटी साहेब पुढे झाले. हातमोजे घातले, केसांवरून हात फिरवला, बाटली भरली. आणि यंत्रावरचा आकडा असा काही वर गेला की बायकोनं घाबरून ते बंदच केलं.

"यंत्र बिघडलंय," साहेब म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. त्यांचं लक्ष हातातल्या मोज्याकडे गेलं होतं. बोटांच्या टोकांना काहीतरी चकाकत होतं.

घरी न्हाणीघराच्या माळ्यावर हत्यारांची पेटी होती. त्या पेटीत पान्याखाली एक बाटली होती. रोज पहाटे, बायको उठायच्या आत, साहेब त्यातलं पाणी डोक्याला चोळायचे. रंग नव्हे हो! रंग काय कोणीही ओळखतं. हे नुसतं पाण्यासारखं औषध, लावत गेलं की पांढरा केस हळूहळू काळा पडतो. त्या संध्याकाळी साहेबांनी भिंग लावून बाटलीवरची बारीक अक्षरं पहिल्यांदाच वाचली. त्यात शिसं होतं. आयुष्यभर नाल्यात शोधलेलं शिसं साहेब डोक्यावर घेऊन हिंडत होते!

रात्रभर त्यांना घाम फुटत राहिला. सांगावं, तर इतक्या वर्षांची इभ्रत मातीत. न सांगावं, तर सगळ्यांच्या नोकऱ्या मातीत.

परीक्षक बाई आल्या, तेव्हा साहेब अंघोळीची प्लास्टिकची टोपी कानांखाली ओढून उभे होते.

"ही टोपी कशासाठी?"

"दक्षता, मॅडम."

"वा! आता माझ्यासमोर एक कोरी बाटली भरा."

साहेबांनी हातमोजे घातले. हात सवयीनं वर निघाला. हात डोक्याकडे गेला की खाकर, असं कारण न सांगता बजावून ठेवलेल्या ड्रायव्हरनं खाकरून इशारा केला, तसा तो हवेतच थांबला आणि साहेबांनी तो माशी हाकलल्यासारखा केला. बाटली भरली. यंत्र चाललं. बायको ओरडली, "शून्य!"

टाळ्या पडल्या. पहारेकऱ्यानं तर शिट्टीच वाजवली. साहेबांनी डोळे मिटून सुटकेचा श्वास सोडला, पण तो अर्ध्यातच अडकला.

"छान," परीक्षक बाई म्हणाल्या, "पण आधीच्या बाटल्यांत शिसं कुठून आलं? मूळ कारण कळल्याशिवाय मला सही करता येणार नाही."

तेवढ्यात ड्रायव्हर पुढे आला. "मॅडम, माझंच चुकलं. गाडी नीट धुतली नव्हती."

ज्या माणसावर आपण आठवडाभर आगपाखड केली, तो आपल्यासाठी खोटं बोलतोय हे पाहून साहेबांच्या डोळ्यांत पाणीच आलं. आता गप्प बसणं त्यांना शक्यच नव्हतं. त्यांनी टोपी काढली.

"मूळ कारण हे. मी केसांना औषध लावतो. त्यात शिसं आहे. माझे केस... पांढरे आहेत."

साहेब आकाश कोसळायची वाट पाहत उभे राहिले. मग कारकून म्हणाला, "हो, ते माहितीये. पण शिसं कुठून आलं?"

"माहितीये? कोणाला?"

"सगळ्यांनाच, साहेब," पहारेकरी म्हणाला. "कपाळावर ओघळ येतो ना."

"आणि अहो, उशीचे अभ्रे कोण धुतं?" बायको ऑफिसात असूनही 'अहो' म्हणाली. "फक्त त्या बाटलीत शिसं असेल असं वाटलं नाही, नाहीतर कधीच फेकली असती!"

"आधी डॉक्टरांकडे जाऊन या," परीक्षक बाई म्हणाल्या. "आणि मला पुरावा लागेल. औषध लावलेला एक केस द्या, आणि तुलनेसाठी त्याच माणसाचा न लावलेला एक."

साहेब गोरेमोरे झाले. "न लावलेला... नाहीये."

"मिशीचा?"

"तिथेही लावतो."

"भुवयांचा?"

साहेबांनी मान खाली घातली.

"निदान कानातला तरी!" ड्रायव्हर काकुळतीला आला.

"सुरुवातच कानापासून केली होती," साहेब पुटपुटले.

परीक्षक बाईंनी पेन मिटलं. न लावलेला केस उगवून मिळेपर्यंत सही राखून ठेवली, असं सांगून त्या गेल्या. मग काय! सगळ्या प्रयोगशाळेचा जीव साहेबांच्या टाळूवर टांगला गेला. रोज सकाळी साहेबांना खिडकीत उजेडाला बसवायचे आणि एकेक जण भिंग घेऊन पुढे यायचा.

"आला का रे?"

"नाही साहेब. धीर धरा."

आणि एक दिवस ड्रायव्हर आनंदानं किंचाळला. भांगाजवळ मुळाशी पांढरंशुभ्र काहीतरी डोकावत होतं! बायकोनं मुद्दाम मोठा होऊ दिला, चिमट्यानं अलगद उपटला, बाटलीत घातला आणि परीक्षक बाईंकडे पाठवला. साहेबांना आपल्या पांढऱ्या केसाचा इतका अभिमान वाटेल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

चार दिवसांनी परीक्षक बाईंचा फोन आला. केस कोरा निघाला होता. पण एकाच नमुन्यावर काही सिद्ध होत नाही, जोडीला दुसरा हवा.

साहेबांचा चेहरा उतरला. "दुसरा? अगं, आता दुसरा कुठून आणायचा? बघ ना जरा, मिळतोय का एखादा!"

बायकोनं त्यांना खुर्चीत बसवलं, मान पुढे वाकवली आणि केस बाजूला सारून सगळी टाळू न्याहाळली.

"एखादा?" ती म्हणाली. "हलू नका हं. ड्रायव्हर, ती बाटली राहू दे, बादली आण!"