गल्लीतलं तारू

"घरी मुलांना शिकवणं म्हणजे काय मोठं दिव्य आहे हो? डोळे उघडे ठेवले की झालं!"

हे वाक्य चष्मेवाल्याने रविवारी उपासनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये उच्चारलं आणि टाळ्या घेतल्या. चष्मेवाला म्हणजे बाजारात चष्म्याचं दुकान असलेला, पण स्वतः चष्मा न लावणारा गृहस्थ. "माझी नजर शाबूत आहे," असं म्हणत तो वर्तमानपत्र हात लांब करून वाचतो, आणि हात अपुरा पडला की वर्तमानपत्राच्या छपाईला शिव्या घालतो.

मंडळीतली जी मोजकी कुटुंबं मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात, त्यांना चार उत्तेजनाचे शब्द आणि काही व्यावहारिक सूचना द्यायला पाळकसाहेबांनी त्याला उभं केलं होतं. खरं म्हणजे उभं करायला हवं होतं त्याच्या बायकोला. थोरली मुलगी अपूर्णांक शिकली ती बायकोकडून. धाकटा वाचायला लागला तो बायकोमुळे. चष्मेवाल्याचा वाटा एवढाच, की गेल्या वर्षी त्याने घरापुढच्या ओट्यावर भिंती चढवून एक खोली करून घेतली, आत फळा टांगला आणि बाहेर 'शाळा' अशी पाटी ठोकली. पण बायको मागच्या रांगेत बसून पुठ्ठ्याची घड्याळं कापत होती, आणि भाषण चष्मेवाला ठोकत होता.

"घर हीच शाळा, गल्ली हीच प्रयोगशाळा! पवित्र शास्त्र, गणित, भूगोल, सगळं एकाच धड्यात बसवता येतं. कल्पकता हवी, कल्पकता!"

घरी आल्यावर बायकोने कात्री खाली ठेवली आणि शांतपणे सांगितलं, "ताई शुक्रवारी दुपारी येतेय. मुलांची परीक्षा घ्यायला."

ताई म्हणजे बायकोची मोठी बहीण, एका नावाजलेल्या शाळेची मुख्याध्यापिका. तिच्यासमोर पालकही हाताची घडी घालून उभे राहतात.

"घेऊ दे की!"

"मुलं कच्ची निघाली तर पुढच्या सत्रापासून तिच्या शाळेत घालायची. मी तिला शब्द दिलाय."

चष्मेवाला ताडकन उठला. "मला न विचारता?"

"तुम्ही भाषणाची तयारी करत होतात." बायकोचा आवाज जरा ओला झाला. "दमले हो मी. स्वयंपाक करता करता पाढे घ्यायचे, आणि झोपताना वाटत राहतं, आपण पोरांचं नुकसान तर करत नाही ना? प्रार्थनेतही तेच मागते, की कुणीतरी एकदा तपासून सांगा, बरोबर चाललंय की चूक."

यावर नवऱ्याने काय करावं? तिच्याजवळ बसावं, भांडी घासायला घ्यावीत. चष्मेवाल्याने छातीवर हात मारून जाहीर केलं, "शुक्रवारचा धडा मी घेणार! तुझ्या ताईचे डोळे दिपले नाहीत तर दुकान बंद करीन!"

शुक्रवारी गल्ली जागी व्हायच्या आत बाप, थोरली आणि धाकटा घराबाहेर पडले. बापाच्या हातात फक्कीची बादली, मैदानावर रेघा आखतात ती पांढरी फक्की. धाकट्याच्या खिशात लाल खडू. बायको आत झोपली होती. तिला आजचा दिवस सुट्टी, असं मोठ्या मनाने ठरलं होतं.

बेत असा, की नोहाचं तारू गल्लीत आखायचं. जलप्रलयात ज्यात सगळी जनावरं जोडीजोडीने चढली, तेच तारू, खऱ्या मापाचं! लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास हात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. दुपारी ताईला अलगद तारवात उभं करायचं आणि म्हणायचं, "बोला, तुमच्या शाळेत आहे असं काही?"

अडचण एवढीच, की नोहाला मोकळी जागा होती आणि इथे होती गल्ली. तारवाच्या दोन्ही बाजू लोकांच्या अंगणांतून जायला लागल्या. चष्मेवाला डगमगला नाही. बुटकी कुंपणं ओलांडत, कोपर टेकवत, बोट रोवत तो पुढे सरकत राहिला. निम्मं तारू झाल्यावर मात्र त्याच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. मग पुढचं निम्मं थोरलीने आखलं. किती हात झाले त्याचे लाल आकडे धाकट्याने कुंपणांवर टाकले. काम संपलं, मुलं आत गेली आणि चष्मेवाला शीळ घालत मागच्या बोळातून दुकानाकडे निघाला.

इतका वेळ सगळं ठीक होतं. मग गल्ली उठली.

पहिले उठले हेडक्लार्क काका. तीस-पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस! दात घासत बाहेर आले तर त्यांच्या झोपाळ्याखालून पांढरी रेघ, आणि कुंपणावर लाल अक्षरात '७०'. काकांच्या तोंडातला फेस तोंडातच राहिला.

"रस्ता रुंदीकरण!" ते ओरडले. "झोपाळा गेला! अर्धी पडवी गेली!"

समोरची शिवणवाली धावत आली. तिच्या दुकानाच्या पायरीवरून रेघ. "अहो, मशीन कुठे ठेवू मी? गिऱ्हाईक काय हवेत उभं करू?"

आणि मग सगळ्यांचं लक्ष गल्लीच्या मधोमध गेलं. दातांच्या डॉक्टरांच्या फाटकापाशी येईपर्यंत नीट आलेली रेघ तिथे एकदम रस्त्याकडे वळली होती आणि डॉक्टरांच्या अंगणाला जेमतेम शिवून पुढे गेली होती!

"डॉक्टर!" काका गरजले. "कुणाच्या खिशात हात घातलात?"

"माझा काय संबंध?" डॉक्टर लुंगीवरच बाहेर आले होते. "मला ही रेघच आत्ता दिसतेय!"

"सगळ्यांची घरं कापली आणि तुमच्यापाशी रेघेला बरी लाज वाटली! साहेबाचे दात फुकट बसवून दिलेत काय?"

डॉक्टरांनी चिडून लुंगीची गाठ आवळली. माणसाने आयुष्यभर सचोटीने दात उपटावेत आणि शेवटी हे ऐकावं! भांडता भांडता दुकानं-कचेऱ्या उघडायची वेळ झाली, तशी शिवणवालीने चष्मेवाल्याच्या दुकानात फोन लावला.

"चष्मेवाले, लवकर या! आपली घरं पाडतायत! रातोरात खुणा करून गेले मेले!"

चष्मेवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या नाकावर अर्धवट फ्रेम तशीच ठेवून त्याने थेट नगरपालिकेला फोन केला. "आजच्या आज माणूस पाठवा! आमच्या गल्लीतलं एकेक घर फितीने मोजा! सरकारी जागेत वीटभर जरी बांधकाम सापडलं, तर खुशाल पाडा! पण प्रामाणिक माणसाच्या वाटेला जाल तर याद राखा!" पलीकडून नाव विचारलं गेलं. त्याने नाव, पत्ता, दुकानाची वेळ, सगळं ठणकावून सांगितलं.

तुम्ही म्हणाल, एवढा शिकलेला माणूस, त्याला सकाळची स्वतःची रेघ आठवू नये? नाही आठवली. कारण त्याने काढलं होतं तारू, आणि हे होतं रुंदीकरण. संताप चढला की चष्मेवाल्याला दोन गोष्टी एकदम दिसत नाहीत. जवळची तर मुळीच नाही.

तो गल्लीत पोचला तेव्हा जमाव तापला होता. तो सरळ शिवणवालीच्या पायरीवर चढला.

"मित्रहो! आज ही रेघ अंगणात आलीय, उद्या स्वयंपाकघरात येईल! ना नोटीस, ना सूचना! अंधारात चोरासारखं येऊन दुसऱ्याच्या दारात रेघा मारायच्या, ही काय माणसाची रीत झाली?"

"नाही!" जमाव ओरडला.

"ज्याने हे केलं त्याला मुलंबाळं नसतील का? त्यांच्यापुढे तो काय आदर्श ठेवत असेल?"

"शरम! शरम!"

"मी विचारतो, कोणत्या गाढवाने ही रेघ काढली?"

एवढं बोलून त्याने बोट नाट्यमयरीत्या खाली रोखलं आणि स्वतःही खाली पाहिलं. फक्कीत कोपराचा ठसा होता. त्याच्या पुढे बोटाचा. आज सकाळपासून त्याच्या डाव्या बाहीवर जो पांढरा डाग होता, तो त्या ठशाशी अगदी तंतोतंत जुळत होता.

चष्मेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. भाषण तिथेच थांबलं. आणि नेमका त्याच शांततेत धाकटा लाल खडू घेऊन घरातून आला, गर्दीतून वाट काढत हेडक्लार्क काकांच्या फाटकापाशी गेला आणि वळणदार अक्षरात त्याने लिहिलं, 'गाढव – २'.

काकांच्या घरात माणसं दोनच, काका आणि काकू.

"हे काय लिहितोस रे?" काका किंचाळले.

"तुमच्याकडे गाढवं राहणार, काका. हत्ती डॉक्टरांकडे." मग बापाकडे वळून, "बाबा, सिंह कुठे ठेवू? तुमचं तारू पुरत नाहीये."

सगळ्या माना हळूहळू चष्मेवाल्याकडे वळल्या. गल्लीच्या तोंडाशी याच वेळी एक टॅक्सी थांबली. गर्दीमुळे आत येईना. त्यातून बॅग घेऊन उतरल्या मुख्याध्यापिका ताई, दुपारी यायच्या त्या सकाळीच. गलका ऐकून बायकोही विस्कटल्या केसांनी दारात आली. तिने रेघ पाहिली, गर्दी पाहिली, नवरा पाहिला, बहीण पाहिली. ती दाराला टेकून उभी राहिली. आता संपलंच सगळं, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"कल्पकता..." चष्मेवाला पुटपुटला. "व्यावहारिक सूचना म्हणून..."

"तारू राहू द्या!" डॉक्टर उसळले. "आधी माझं नाव साफ करा! रेघ माझ्याच फाटकापाशी का वळली?"

चष्मेवाला बाहीवरची फक्की झटकायला लागला. थोरली पुढे आली.

"काका, तुमच्या फाटकापासून माझी पाळी सुरू झाली." तिने बापाचा हात ओढून स्वतःच्या हाताशेजारी धरला. "हे बघा. माझा हात चार बोटं लहान आहे. पन्नास वेळा चार बोटं कमी. म्हणून तारू तिथे एकदम अरुंद झालं. मी बाबांना सांगत होते, की एकाच मापाने मोजायचं असतं. ते म्हणाले, नोहाला घाई होती."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. ताईंनी बॅग खाली ठेवली. "माप एकच हवं, हे तुला कुणी शिकवलं?"

"आईने. पडद्याचं कापड मोजताना. नोहाचा हात केवढा होता ते कुठे दिलेलं नाही, मावशी. पण त्याने एकच वापरला असणार. नाहीतर तारू गोल गोल फिरत बसलं असतं."

 ताई गर्दीतून चालत बायकोपाशी गेल्या. "माझ्या सातवीच्या वर्गाला हे वर्षभर सांगतेय गं मी. एकाच्याही डोक्यात शिरलेलं नाही." त्यांनी बहिणीचे केस कानामागे सारले. "बरोबर चाललंय तुझं. मुलं घरीच राहू देत."

बायको रडायलाच लागली. शिवणवालीने डोळ्यांना पदर लावला. काकांनी डॉक्टरांचा हात हातात घेतला. चष्मेवाल्याला वाटलं, आता कुणीतरी आपल्याबद्दलही दोन बरे शब्द बोलेल. कल्पना कुणाची होती?

बोललं कुणीतरी. पण तो नगरपालिकेचा ओव्हरसियर होता.

"मोजणीची तक्रार कुणाची?"

"काही नाही साहेब, गैरसमज!" सगळी गल्ली एका सुरात म्हणाली. "पोरांचा खेळ!"

"तक्रार नोंदवलीय म्हणजे मोजणार. प्रत्येक घर मोजा असं सांगितलंय. फार तळमळीने सांगितलंय," असं म्हणत त्याने चष्मेवाल्याकडे आदराने पाहिलं.

पोलादी फीत निघाली. काकांची पडवी आतच होती. शिवणवालीची पायरीही आत. डॉक्टर तर चांगलेच आत. अख्ख्या गल्लीत सरकारी जागेवर उभं राहिलेलं बांधकाम एकच निघालं. त्यावर 'शाळा' अशी पाटी होती.

"हा अन्याय आहे!" चष्मेवाला ओरडला. "तक्रार मी केली आणि पाडता माझंच? मी वरपर्यंत जाईन! मी चर्चच्या हॉलमध्ये भाषण केलेला माणूस आहे!"

"वीटभर सापडलं तरी खुशाल पाडा, असं आपणच म्हणालात ना?"

पुढच्या सोमवारी माणसं घण घेऊन आली. बायकोने फळा आधीच जेवणाच्या टेबलामागे लावला होता. तिने दोन खुर्च्या अंगणात मांडल्या, मुलांना बसवलं, आणि स्वतः बऱ्याच दिवसांनी हसऱ्या चेहऱ्याने पुढे उभी राहिली.

"आई, आज धडा कुठला?" धाकट्याने विचारलं.

"यरीहो. ज्या शहराचा तट कोसळला ते."

तेवढ्यात पहिला घण पडला आणि 'शाळा' ही पाटी धुळीत लोळली. चष्मेवाला संतापाने लाल होऊन ओव्हरसियरकडे निघाला, बोट उगारलं, श्वास भरून घेतला.

"लोक त्या तटाभोवती फेऱ्या घालत होते," बायको मोठ्याने म्हणाली. "तेव्हा त्यांना एक सक्त हुकूम होता. कोणता?"

"तोंडातून शब्द काढायचा नाही!" दोन्ही मुलं एकदम ओरडली.

"शाब्बास," बायको म्हणाली, पण ती मुलांकडे बघत नव्हती.

चष्मेवाल्याने भरलेला श्वास तसाच सोडला, बोट खाली घेतलं आणि निमूटपणे घराभोवती फेरी मारायला गेला.