मेलबर्नची वीज निवडणारे मामा

स्वामीनाथमामा घरातला दिवा बोटाने लावत नाहीत. दाराशी खिळ्याला एक लाकडी उलथनं टांगलेलं असतं. पायांत रबरी चपला घालायच्या, उलथनं हातात घ्यायचं, हात जमेल तेवढा लांब करायचा आणि त्या टोकाने बटण दाबायचं. दिवा लागला की ते क्षणभर त्याच्याकडे बघत उभे राहतात. आजही निभावलं, असा चेहरा करून. विजेला एवढा घाबरणारा हा माणूस चेन्नईत, अंबत्तूरच्या आमच्या इमारतीत बसून, मेलबर्नमधल्या एका घराने कोणत्या कंपनीची वीज घ्यावी हे ठरवतो. आणि असं काही ठरवतो की मी बँकेत इतकी वर्षं काढूनसुद्धा त्यांच्यापुढे खुर्चीच्या कडेवरच बसते.

मी मूळची सांगलीची. बदली होऊन इथे आले तेव्हा जिन्यात उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. समोरचं दार उघडलं आणि लुंगी नेसलेले, कपाळावर गंध लावलेले एक उंच गृहस्थ म्हणाले, "तूं महाराष्ट्रांतली की? ये. कापी घे."

तंजावरकडची मराठी मी पहिल्यांदाच ऐकत होते. शब्द जुन्या बखरीतले, हेल थेट तमिळ. मामांचं घराणं कित्येक पिढ्या तंजावरचं. ते स्वतः शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. इमारतीतली तमिळ माणसं त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही. पत्नी, कमलामामी, मी येण्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. एकुलती मुलगी सरसू नवऱ्याबरोबर आणि लहान मुलीबरोबर मेलबर्नला.

त्या पहिल्या कॉफीलाच मामांनी मला मेलबर्नची वीज समजावून दिली. आपल्याकडे वीज येते ती एकाच दारातून. मीटर बसलं, बिल आलं, भरलं. कुरकुर करता येते, निवड करता येत नाही. तिकडे तारा त्याच, खांब तेच, पण वीज विकणाऱ्या कंपन्या मात्र ढीगभर, आणि एकेका कंपनीच्या योजना डझनावारी. कुणी दुपारी स्वस्त देतं आणि संध्याकाळी कापतं. कुणी पहिलं वर्ष सूट देतं आणि दुसऱ्या वर्षी गुपचूप दर चढवतं. जावयांनी जी कंपनी घेतली होती ती सिनेमाची तिकिटं फुकट देते म्हणून घेतली होती. हे सांगताना मामांनी डोळे मिटून घेतले.

इंग्रजी नावांनी डोकं गोंधळतं म्हणून त्यांनी योजनांची संस्कृतात वर्गवारी केलेली आहे. जिचा दर बांधलेला, ती स्थिरा. जिचा दर कधीही हलेल, ती चंचला. आणि आरंभी भरघोस सूट देऊन मग डोक्यावर बसणारी, ती मायाविनी. "मायाविनी फार गोड बोलते," ते मला बजावून म्हणाले. मी उगाचच मान खाली घातली, कारण माझ्या मोबाइलची योजना नेमकी त्या जातीची होती.

पण मी खरी थक्क झाले ती पुढच्या रविवारी. रविवारी सकाळी पूजा आटोपली की मामा सरसूला फोन लावतात. तिथे तेव्हा दुपार असते. फोन मोठ्या आवाजावर ठेवतात, कारण कानाला लावलेल्या यंत्रातही वीज असतेच. मी साखर मागायला गेले होते आणि तशीच ऐकत उभी राहिले.

बाप लेकीला विचारत होता, इडलीचं पीठ कशात वाटतेस. मग, कपडे बाहेर वाळतात की यंत्रात. मग, बाळाला अंघोळ किती वाजता घालतेस, आणि संध्याकाळी का, सकाळी का नाही. ती म्हणाली, सकाळी कामावर जायची घाई असते, अप्पा. कोणत्या खोलीत हीटर? बाळाच्या. का? तिला सर्दी होते. खिडकी कोणत्या दिशेला? दक्षिणेला. मामा तिथे थांबले, हवेत बोटाने काहीतरी फिरवलं आणि म्हणाले, तुमचा सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणजे त्या खोलीला ऊन नाही. बाळाला पलीकडच्या खोलीत निजव. चेन्नईच्या उकाड्यात पंख्याखाली बसलेला हा माणूस, ज्याने आयुष्यात विमानात पाय ठेवला नाही, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या घरातली थंड भिंत हाताने चाचपून यावी तसं बोलत होता.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, इतकं सगळं कशाला लागतं? नुसते दर ताडून पाहिले तर चालत नाही का?

"दर मागाहून," मामा म्हणाले. "आधी जगणें पाहणें. कोण केव्हां उठतें, कोण केव्हां जेवतें, तें कळल्यावांचून कोणती वीज स्वस्त, कसें कळेल?"

सरसूने कंपनीकडे वडिलांचं नाव नोंदवून ठेवलं होतं, त्यामुळे मामा तिच्या वतीने कंपनीशी बोलू शकत. एकदा दर चढल्याचं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मला बोलावून घेतलं, कारण परदेशी नंबर दाबताना शेजारी कुणीतरी असावं असं त्यांना वाटतं. पलीकडे एक मुलगी आली, ऑस्ट्रेलियन वळणाचं, घोटून घेतलेलं इंग्रजी बोलणारी. मामांनी आपली बाजू मांडली. तिने तपासून सांगते म्हटलं. मामा ऐकत राहिले, आणि मग एकाएकी तमिळमध्ये त्यांनी तिला विचारलं की, बाळ, तुझं जेवण झालं का?

पलीकडून दबक्या आवाजात तमिळमध्येच उत्तर आलं, अजून नाही, मामा. ती अंबत्तूरच्याच एका ऑफिसात बसली होती, आमच्या इमारतीपासून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर. तिने 'झीरो' म्हणताना जीभ कुठे टेकवली त्यावरून मामांनी ओळखलं होतं. आयुष्यभर मुलांचे उच्चार सुधारल्याचा हा परिणाम. मेलबर्नची वीज अंबत्तूरचा ग्राहक अंबत्तूरकडूनच घेत होता, आणि दोघांनाही त्यात काही विशेष वाटलं नाही. तिने सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी राखलेला दर देऊ केला, मामांनी तो दर किती काळ टिकेल ते विचारलं, मग स्थिरा असल्याची खात्री करून होकार दिला आणि तिला आधी जेवून घ्यायला सांगितलं. मी दोन्ही हात जोडायचेच बाकी होते.

गेल्या पावसाळ्यानंतर सरसू एकटीच आठवडाभर आली. बापलेक घरात असताना फारसं बोलत नाहीत हे माझ्या ध्यानात आलं. ती स्वयंपाकघरात, ते झोपाळ्यावर. जेवताना 'वाढू का' आणि 'पुरे'. निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि दार लोटून घेतलं.

मेलबर्नला त्यांनी घर बदललं होतं. नव्या इमारतीने साऱ्या घरांसाठी मिळून एकाच कंपनीची वीज घेतलेली होती, आणि रहिवाशाला वेगळी कंपनी निवडणं जवळपास अशक्य होतं. म्हणजे मामांनी निवडावं असं काही उरलंच नव्हतं. तरी गेले कित्येक महिने ती दर रविवारी त्यांना कुठल्या कुठल्या योजनांविषयी विचारत होती आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत होती.

"अम्मा होती तेव्हा तीच बोलायची," सरसू म्हणाली. "अप्पा फोन घेऊन 'सरी, बरें, ठेवतों' एवढंच म्हणायचे. ती गेल्यावर दोन महिने आम्ही फोनवर नुसते गप्प असायचो. मग एकदा मी बिल वाढल्याचं बोलले, आणि अप्पा तासभर बोलले. ते बंद पडलं तर आमच्याकडे काय राहतं, ताई?"

मी मामांना काही सांगणार नाही असं कबूल केलं.

ती परत गेली, आणि पुढच्या रविवारी मी साखरेची वाटी घेऊन निघालेच होते, तेवढ्यात मामांनी मला हाक मारली. मला वाटलं, पुन्हा कंपनीला फोन असेल. पण त्यांनी सरसूलाच लावला होता. तिने सुरुवात केली, अप्पा, एक नवी योजना ऐकली, दुपारची वीज फुकट देतात.

"सरसू," मामा म्हणाले, "त्या इमारतींत कंपनी बदलतां येत नाहीं. तूं नवा पत्ता दिलास त्याच दिवशीं मी पाहिलें."

मेलबर्नला कुणी श्वास रोखला तर तो इथे ऐकू येतो, हे मला तेव्हा कळलं. मग तिने अगदी लहान आवाजात विचारलं, मग इतके दिवस का विचारत राहिलात?

"तूं सांगत होतीस म्हणून. पण तूं इथें आलीस, आणि मला एक वाक्य सुचलें नाहीं. समोर बसलेल्या मुलीला काय हीटर विचारूं? म्हणून म्हटलें, आतां खोटें पुरे."

मी उठून जावं की बसावं ते कळेना. मामांचा हात फोनकडे गेला, आणि मला वाटलं की आता ते 'सरी, बरें, ठेवतों' म्हणणार. संस्कृतची अख्खी व्याकरणं मुखोद्गत असलेला माणूस एका वाक्यासाठी कपाळावर आठ्या घालून बसला होता. परीक्षेला बसलेल्या मुलासारखा घाम त्यांच्या ओठांवर आला होता.

"सरसू," शेवटी ते म्हणाले, "तुझी अम्मा उडदाच्या डांगरांत हिंग आधीं घालीत होती की ताक घातल्यावर? मी दोन्ही करून पाहिलें. तिच्यासारखें होत नाहीं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली, आणि सरसू म्हणाली, "थांबा अप्पा, पहिल्यापासून सांगते. उडीद कुठून आणले तुम्ही?"

मी माझी साखरेची वाटी उचलली आणि दार हळूच ओढून घेतलं.