आकडा, मेन स्विच आणि दामले काका

घर भाड्याने देताना अमेरिकेत लोक पगार विचारतात. दामले काकांनी मला विचारलं, "इंडियात तुमच्या घरी अर्थिंग होतं का?"

मी खरं ते सांगितलं. "काका, आमच्याकडे आकडा होता."

वर्ध्याजवळच्या गावात आमची एक खोली. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल, आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला. मीटर परवडत नव्हता, म्हणून बांबूने रस्त्याच्या तारेवर आकडा टाकायचा आणि त्यावर एक बल्ब. त्या उजेडात मी शिकलो. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला पहिला मीच. हे सांगायची मला लाज नाही; उलट मी ते जरा जास्तच वेळा सांगतो.

काकांनी छातीवर हात ठेवला. "उघड्या तारेवर? पावसात पण?"

"पावसात तर ठिणग्या उडायच्या."

काकांनी किल्ली माझ्या हातात दिली. "तू जिवंत आहेस, हाच मोठा रेफरन्स."

ही २००५ च्या सुमाराची गोष्ट. ओहायोत, कोलंबसच्या बाहेर एका उपनगरात मी नोकरीला होतो. काका मूळ पुण्याचे. आयुष्य इन्शुरन्स कंपनीत आगीचे क्लेम तपासण्यात गेलेलं, त्यामुळे त्यांना चांगल्या चालत्या घरातही धूर दिसायचा. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी प्लग टेस्टर. लग्नाला गेले की आधी हॉलमधली सॉकेट्स तपासणार, मग नवरा-नवरीला आशीर्वाद. एका गणपतीत ऐन आरतीच्या वेळी ते टेबलाखाली शिरले आणि आतून ओरडले, "एक्स्टेंशनवर एक्स्टेंशन, त्यावर एक्स्टेंशन! ही काय दहीहंडी आहे?" पाठोपाठ त्यांनी प्लग उपटला, मखराचे दिवे गेले आणि उरलेली आरती लोकांनी निरांजनाच्या उजेडात उरकली. कुणी कुरकुर केली तर काकांचं ठेवणीतलं वाक्य तयार असे : "करंटला व्हिसा लागत नाही!"

आमच्याकडे दर रविवारी इन्स्पेक्शन. माझी बायको मीना मिक्सरकडे वळली की मागून आवाज यायचा, "मीना, हात कोरडे आहेत ना?"

एकदा ती वैतागली. "काका, माझी सासू पण एवढं विचारत नाही!"

"सासूने विचारायला पाहिजे," काका म्हणाले आणि फ्रिजच्या मागे दिसेनासे झाले.

अशात सिटीने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, कळवलं की भाड्याच्या घरांची इलेक्ट्रिकल तपासणी होणार. घर पास झालं तर लायसन्स. नापास झालं, तर दुरुस्ती होईपर्यंत भाडेकरू बाहेर. मीनाला नववा महिना लागलेला, माझी आई बाळंतपणासाठी गावाहून नुकतीच आलेली. अशा दिवसांत बिऱ्हाड कुठे हलवायचं? काका तर आमच्यापेक्षा जास्त घाबरले. रोज संध्याकाळी येऊन सगळे प्लग चाचपायचे आणि मीनाकडे बघून म्हणायचे, "तू काही काळजी करू नकोस." म्हणताना घाम त्यांनाच फुटलेला असायचा.

तपासणीच्या सकाळी मी आईला एवढंच सांगितलं, "आज लाईट तपासायला सरकारी माणूस येणार आहे."

इन्स्पेक्टर आला. सहा फुटी, गंभीर चेहरा. हॉलच्या सॉकेटला त्याने टेस्टर लावला. दिवा नाही. किचनमध्ये लावला. नाही. बाथरूममध्येही तेच. काकांचा चेहरा पांढराफटक. "सुधीर," ते माझ्या कानात पुटपुटले, "घर गेलं!"

मी आईकडे पाहिलं. ती सोफ्यावर पदर सावरून बसलेली, चेहऱ्यावर गायीचे भाव. तो चेहरा मी लहानपणापासून ओळखतो. लाइनमनची सायकल गल्लीत वळली की आई आधी आकडा उतरवायची आणि मग असाच चेहरा करून त्याला पाणी द्यायची. इन्स्पेक्टरच्या हातातही पाण्याचा ग्लास होताच.

"आई, काय केलंस?"

"खालचा मोठा खटका पाडला," आई हळूच म्हणाली. "सायेब जाऊ दे, मंग लावू."

बेसमेंटमध्ये पळत जाऊन मी मेन स्विच चालू केला. वर मायक्रोवेव्ह, स्मोक अलार्म, सगळं एकदम किंचाळलं. मेन बंद का होता, असं इन्स्पेक्टरने विचारलं. काका ताठ उभे राहून इंग्रजीत म्हणाले, "या बाई सुरक्षेच्या बाबतीत फार जागरूक आहेत."

इन्स्पेक्टर खूश झाला. असे लोक आजकाल भेटत नाहीत, म्हणाला. घर पास झालं, तीन वर्षांचं लायसन्स मिळालं.

तो गेल्यावर काका मात्र ड्राइव्हवेत गाडीची किल्ली फिरवत उभे राहिले. हे घर काकूंनी निवडलेलं. त्या गेल्यावर काका एकटे अपार्टमेंटमध्ये राहायला गेले होते, मुलगा सिएटलला.

"चला," ते म्हणाले. "आता तीन वर्षं बघायला नको. काम नसताना उगाच कुणाच्या घरी कशाला यायचं?"

रविवारी ते आले नाहीत. आई दोनदा खिडकीशी जाऊन आली. मग म्हणाली, "त्याइले फोन लाव. म्हण, न्हाणीतला दिवा लुकलुकते."

"कुठे लुकलुकतो?"

"मंग ढिला कर नं!"

मी बल्ब ढिला केला आणि फोन लावला. काका इस्त्रीचा शर्ट घालून धावत आले. स्टुलावर चढून बल्बला हात लावला आणि थांबले.

"ताई, बल्ब आपोआप ढिला होत नसतो."

"आमच्याकडे होते," आई म्हणाली. "उतरा आता. भाकर गरम हाय."

काका भिंतीकडे तोंड करून उगाचच बल्ब पिळत राहिले, तो घट्ट बसल्यावरही. मग हात धुऊन, नीट कोरडे करून, पानावर बसले.

पुढच्या रविवारी ते आले, तेव्हा घरात काहीच बिघडलेलं नव्हतं.